'मसाजर'च्या नावाखाली

न्हावाशेवा बंदरात आलेल्या 'बॉडी मसाजर'च्या एका मालामुळे भारतीय कायद्यातील जुना पेच पुन्हा एकदा न्यायालयासमोर आला. या वस्तूंचा उपयोग लैंगिक सुखासाठीही होऊ शकतो, म्हणून त्या अश्लील आहेत, असा निष्कर्ष काढून सीमाशुल्क आयुक्तांनी २०२२ मध्ये तो माल जप्त केला. त्यासाठी आधार घेण्यात आला तो १९६४ च्या एका अधिसूचनेचा. अश्लील पुस्तके, पत्रके, चित्रे, आकृती आणि तत्सम वस्तूंच्या आयातीला ही अधिसूचना मनाई करते. अपिलीय लवादाने २०२३ मध्ये जप्तीचा आदेश रद्द केला आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गिरीश कुलकर्णी व न्या. किशोर संत यांच्या खंडपीठाने सीमाशुल्क खात्याचे अपील फेटाळले. मसाजरचा असा उपयोग होऊ शकेल ही आयुक्तांची कल्पना होती, अधिसूचनेतील पुस्तके-चित्रांच्या पंक्तीत ही वस्तू बसत नाही आणि देशांतर्गत बाजारात तिची राजरोस विक्री होते, असे न्यायालयाने सांगितले.

या निकालाने आयातदाराची सुटका झाली. परंतु ज्या वस्तूंवरून हा वाद उद्भवला, त्या लैंगिक साधनांचा, म्हणजेच बोलीभाषेतील 'सेक्स टॉय'चा प्रश्न त्यामुळे सुटला असे नाही. निकाल मसाजरपुरता होता; सर्व लैंगिक साधने वैध आहेत असे न्यायालयाने जाहीर केलेले नाही. परिणामी विक्रेत्याच्या दृष्टीने 'मसाजर' हे नावच सुरक्षित ठरते. खरा तोटा होतो तो ग्राहकाचा. वस्तू कशासाठी आहे हेच वेष्टनावर लिहायचे नाही, तर ती कशी वापरावी, कशी वापरू नये आणि ती कशाची बनलेली आहे, हे तरी कसे लिहिणार?

अश्लीलतेची फिरती व्याख्या

लैंगिक साधन बाळगण्यास किंवा वापरण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. अडचण येते ती विक्री, आयात, प्रदर्शन आणि जाहिरातीच्या टप्प्यावर. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ अश्लील पुस्तके, चित्रे, आकृती 'किंवा अन्य कोणतीही वस्तू' विकणे हा गुन्हा ठरवत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २९४ म्हणून आली. त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकुराच्या प्रदर्शनाचा समावेश झाला. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अश्लील कशाला म्हणायचे, याचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले. मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये इंग्लंडमधील १८६८ च्या 'हिक्लिन' कसोटीचा आधार घेतला. ज्याचे मन सहज बिघडू शकते अशा व्यक्तीवर काय परिणाम होईल, हे पाहणारी ही कसोटी. पुढे २०१४ मध्ये अविक सरकार खटल्यात न्यायालयाने ती बाजूला सारली आणि समकालीन समाजाच्या मापदंडांवर भर दिला. त्याआधी २०११ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने आयात मालाच्या एका प्रकरणात, एखादी वस्तू लैंगिक भावना सूचित वा उद्दीपित करते एवढ्यावरून ती कलम २९२ खाली अश्लील ठरत नाही, अशी भूमिका घेतली होती. न्यायालयांचा कल स्पष्ट आहे. मात्र प्रत्येक वेळी निर्णय होतो तो माल अडवल्यानंतर आणि खटला उभा राहिल्यानंतर.

वाद नवा नाही

२००७ मध्ये केंद्र सरकारच्याच 'हिंदुस्तान लॅटेक्स' या कंपनीने बॅटरीवर कंप पावणारे कडे असलेला 'क्रेझेंडो' हा निरोध बाजारात आणला. सुख कमी होते म्हणून निरोध टाळणाऱ्या पुरुषांना त्याकडे वळवावे, हा त्यामागचा विचार होता. मध्य प्रदेशचे तत्कालीन मंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी ते 'सेक्स टॉय' असल्याचा आक्षेप घेतला आणि कुटुंबनियोजनाचा विषय संस्कृतीच्या वादात अडकला. गोव्यात कळंगुट येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा वस्तूंचे उघड दुकान सुरू झाले. स्थानिकांच्या तक्रारींनंतर, व्यवसाय परवाना नसल्याच्या कारणावरून पंचायतीने ते महिन्याभरात बंद करायला लावले. याच वस्तू ऑनलाइन मागवता येतात, हे त्या वेळीही सर्वांना ठाऊक होते.

महाराष्ट्राने हा संघर्ष त्याहून कितीतरी आधी पाहिलेला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मधील निधनापर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. प्रश्न विचारणारे वाचक मात्र कमी झाले नाहीत. उत्तर देणाऱ्याला शिक्षा केल्याने शंका मिटत नाही, ती चुकीच्या दारी जाते, हा त्या प्रकरणाचा धडा आजही लागू पडतो.

'मसाजर' या नावाचा आडोसाही केवळ भारतीय नाही. जपानच्या हिताची कंपनीने १९६८ मध्ये 'मॅजिक वँड' हे यंत्र अंग रगडण्याचे साधन म्हणून आणले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील लैंगिक शिक्षिका बेटी डॉडसन यांनी आपल्या कार्यशाळांतून त्याचा स्त्रियांना परिचय करून दिला आणि ते वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ मध्ये कंपनीने त्यावरून स्वतःचे नावच काढून घेतले. खुद्द अमेरिकेतही अलाबामा राज्याने १९९८ मध्ये अशा साधनांच्या विक्रीवर बंदी घातली, तर टेक्सासमधील तशीच बंदी २००८ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तेव्हा संकोच हा कोणत्याही एका संस्कृतीचा मक्ता नव्हे.

साधने कोणती, कशासाठी?

या पार्श्वभूमीवर, प्रौढ व्यक्तीला प्रथमच अशा वस्तूचा विचार करताना कोणती माहिती असायला हवी, हे पाहणे आवश्यक आहे. ढोबळमानाने साधनांचे चार प्रकार पडतात. पहिला कंपन करणाऱ्या व्हायब्रेटरचा. यातील अनेक साधने शरीराच्या बाह्य भागावर, विशेषतः शिश्निकेवर, वापरण्यासाठी असतात. दुसरा शरीरात घालावयाच्या, कंपन नसलेल्या साधनांचा. तिसरा पुरुषांसाठीच्या आवरणवजा साधनांचा आणि लिंगावर बसवायच्या कड्यांचा. चौथा गुदद्वारासाठी असलेल्या साधनांचा. पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी बाह्य वापराचे, लहान, कमी-जास्त वेग करता येणारे साधन सर्वांत सोयीचे मानले जाते.

अशा साधनांचा वापर म्हणजे विकृती, हा समज तथ्यांवर टिकत नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १८ ते ६० वयोगटातील ५२.५ टक्के स्त्रियांनी व्हायब्रेटर कधी ना कधी वापरल्याचे सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ४४.८ टक्के होते. वापर करणाऱ्या स्त्रियांपैकी ७१.५ टक्के जणींना त्यामुळे जननेंद्रियांचा कोणताही त्रास कधीही झालेला नव्हता. ही आकडेवारी अमेरिकेची आहे, ती भारताला जशीच्या तशी लावता येणार नाही. परंतु वापर आणि अपाय यांचे समीकरण मांडणाऱ्यांनी ती विचारात घ्यायला हवी.

वैद्यकशास्त्रालाही हे क्षेत्र परके नाही. लिंगताठरता न येणाऱ्या रुग्णांना मूत्ररोगतज्ज्ञ निर्वात पंपाचा पर्याय सुचवतात. ओटीपोटाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांना, तसेच योनीचे स्नायू आपोआप आवळले जाण्याचा त्रास असणाऱ्यांना क्रमाक्रमाने मोठे होत जाणारे डायलेटर दिले जातात. स्त्रियांच्या लैंगिक तक्रारींसाठी शिश्निकेकडील रक्तप्रवाह वाढवणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये मान्यता दिली होती.

ग्राहकाने काय पाहावे?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे तो साहित्याचा. वैद्यकीय दर्जाचे सिलिकॉन, स्टेनलेस स्टील आणि उष्णतारोधक बोरोसिलिकेट काच सच्छिद्र नसतात, त्यामुळे ती नीट स्वच्छ होतात. स्वस्त, जेलीसारख्या मऊ साधनांत मात्र अनेकदा पीव्हीसी असते आणि ते लवचीक करण्यासाठी थॅलेट वर्गातील रसायने मिसळली जातात. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २००६ मध्ये बाजारातील लैंगिक साधनांची तपासणी केली, तेव्हा अशी रसायने त्यांत आढळली होती. उग्र रासायनिक वास, चिकट पृष्ठभाग आणि साहित्याचा उल्लेख नसलेले वेष्टन, ही तीन लक्षणे दिसल्यास वस्तू न घेणेच शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा आकाराचा. गुदद्वारासाठी वापरायच्या साधनाचा तळ रुंद असलाच पाहिजे. तसा तळ नसलेली वस्तू आत खेचली जाऊन अडकू शकते आणि ती काढण्यासाठी प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते. घरातील वस्तूंचा पर्याय म्हणून वापर धोकादायक ठरतो तो याच कारणाने. लिंगावरील कडे अर्ध्या तासाहून अधिक काळ ठेवू नये आणि वेदना वा बधिरपणा जाणवल्यास तत्काळ काढावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी कडे अथवा पंप वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरा मुद्दा स्वच्छतेचा आणि वंगणाचा. पाण्यावर आधारित वंगण बहुतेक सर्व साधनांना चालते. सिलिकॉनयुक्त वंगणाने सिलिकॉनचे साधन खराब होऊ शकते, तर तेलामुळे लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो. प्रत्येक वापरापूर्वी व नंतर साधन सौम्य साबणाने धुऊन कोरडे करावे. विजेवर वा बॅटरीवर चालणारे साधन पाण्यात बुडवता येते का, हे आधी पाहावे. एकच साधन दोघांनी वापरल्यास लैंगिक संसर्ग पसरू शकतो. तसे करायचे झाल्यास प्रत्येक वेळी नवा निरोध चढवावा. गुदद्वारासाठी वापरलेले साधन न धुता योनीसाठी वापरू नये. जोडीदारासोबत वापर करायचा, तर दोघांची स्पष्ट संमती ही पहिली अट आहे.

मोबाइलशी जोडल्या जाणाऱ्या साधनांनी आणखी एक प्रश्न निर्माण केला आहे. वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या नकळत गोळा केल्याच्या आरोपावरून 'स्टँडर्ड इनोव्हेशन' या कॅनडातील कंपनीला २०१७ मध्ये अमेरिकेतील दाव्यात मोठ्या भरपाईची तडजोड करावी लागली. शयनगृहातील माहिती कुठे साठते, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

लपवण्यापेक्षा नियमन बरे

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ मध्ये 'आयएसओ ३५३३' हे मानक प्रसिद्ध केले. लैंगिक साधनांची रचना, साहित्य आणि ग्राहकाला द्यावयाची माहिती यांविषयीचे निकष त्यात आहेत. शरीरात अडकलेल्या वस्तू काढण्याची वेळ येणाऱ्या स्वीडनमधील एका शल्यचिकित्सकाने त्यासाठी पुढाकार घेतला होता. म्हणजे या मानकामागे शस्त्रक्रियागृहातला अनुभव आहे. भारतातही वेष्टनबंद मालावर उत्पादक वा आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास भरपाई मागण्याची सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. हे कायदे लागू करण्यासाठी कोणाच्याही नीतिकल्पना बदलण्याची गरज नाही.

मात्र 'मसाजर' म्हणून घेतलेल्या वस्तूने नाजूक जागी इजा झाली, तर ग्राहक तक्रार काय करणार? उत्पादक सहज म्हणू शकेल की, वस्तू त्या कामासाठी नव्हतीच. कायद्याच्या भीतीने घेतलेले टोपणनाव अशा रीतीने उत्पादकाची ढाल बनते आणि लाजेमुळे आधीच गप्प असलेला ग्राहक एकटा पडतो. यावर उपाय अवघड नाही. प्रौढांच्या खासगी वापराच्या वस्तू आणि अश्लील प्रदर्शन यांतील फरक सरकारने अधिसूचनेद्वारे स्पष्ट करावा, अल्पवयीनांना विक्री आणि बीभत्स जाहिराती यांवर निर्बंध ठेवावेत, आणि साहित्य, वापर व धोके यांची माहिती वेष्टनावर सक्तीची करावी. साठ वर्षांपूर्वीची, पुस्तके व चित्रे डोळ्यांसमोर ठेवून काढलेली अधिसूचना हे काम करू शकणार नाही.

या वस्तू आवडणे किंवा न आवडणे हा ज्याच्या-त्याच्या रुचीचा प्रश्न आहे. त्या बाजारात असाव्यात की नसाव्यात, हा वाद तर बाजाराने केव्हाच निकालात काढला आहे. त्या आपल्या खऱ्या नावाने आणि पूर्ण माहितीसह विकल्या जाव्यात की नाही, एवढाच निर्णय आता सरकारला घ्यायचा आहे.