हायड्रोजनचे कोटी आणि मळीचा हिशेब

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली, तेव्हा १९,७४४ कोटी रुपयांच्या आकड्याचा मोठा डांगोरा पिटण्यात आला. या रकमेची वाटणी मात्र फारशी कोणी पाहिली नाही. यंत्रनिर्मिती व उत्पादन यांच्या प्रोत्साहनासाठी १७,४९० कोटी. संशोधनासाठी ४०० कोटी. शंभर रुपयांतले दोन!

जैविक किण्वनाचा मार्ग अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याला गरज आहे ती नेमकी याच दोन रुपयांची. प्राणवायूविरहित टाकीत क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू उसाच्या मळीतील साखर खाऊन हायड्रोजन सोडतात. त्यांना सूर्यप्रकाशही लागत नाही. परंतु यात चमत्कार नाही. ग्लुकोजच्या एका रेणूपासून या मार्गाने सिद्धान्ततः फार तर हायड्रोजनचे चार रेणू मिळतात, प्रत्यक्षात दोनाच्या आसपास. उरलेली बरीचशी ऊर्जा ॲसेटिक, ब्युटिरिक आम्लांत अडकून पडते. हा उतारा वाढविणे हे सार्वजनिक संशोधनाचेच काम आहे, कारण खाजगी भांडवल अशा जोखमीच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही. याचा पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या वाटपात जैवभारावर आधारित हायड्रोजनसाठी (किण्वन हा त्यातला एक मार्ग) वार्षिक ४०,००० टन राखून ठेवले होते. उचलले गेले अवघे २,००० टन, तेही सरकारी मालकीच्या भारत पेट्रोलियमने. रिलायन्सच्या कंपनीने दुसऱ्या गटात एकटीने ९०,००० टन पदरात पाडून घेतले.

उद्या सार्वजनिक पैशाने उतारा वाढला की हेच भांडवल मळीच्या दारात उभे राहील. त्या दिवशी ऊस उत्पादकाचे काय? महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्याने साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा त्याच्यासाठी ठरविला. पण हिशेबात मळी धरली जाते ती मळीच्या भावाने. तिच्यापासून होणाऱ्या इथेनॉलचे उत्पन्नही त्यात धरावे, ही शेतकरी संघटनांची मागणी जुनी आहे. आसवन्या आधी उभ्या राहिल्या आणि वाट्याचे भांडण मागाहून सुरू झाले. हायड्रोजनच्या बाबतीत कार्यकर्त्यांनी हा क्रम उलटा करावयास हवा: पहिली टाकी उभी राहण्यापूर्वीच त्या कायद्यातील उपपदार्थांच्या यादीत हायड्रोजनचे नाव चढले पाहिजे.