काडतूस पाहिले कोणी?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहरानजीकच्या एका कुरणावर २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’ या चित्रपटाची तालीम चालू असता नट ॲलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायालेखिका हलिना हचिन्स प्राणास मुकल्या. तीच गोळी पुढे दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात रुतली. या घटनेस ‘अपघात’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हास ते मान्य नाही.

शस्त्र हाती देताना साहाय्यक दिग्दर्शकाने ‘बंदूक थंड आहे’ अशी ग्वाही दिली होती. सगळी काडतुसे आपण तपासली नव्हती, हे त्यानेच पुढे पोलिसांपाशी सांगितले. शस्त्रांची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणीवर पूर्वी सर्वांचा भरवसा. साहाय्यकाच्या शब्दावर नटाचा भरवसा. आणि नटावर, नळीसमोर उभ्या असलेल्या माणसांचा. भरवशांची ही साखळी लांबलचक होती, परंतु काडतूस प्रत्यक्ष पाहणारा डोळा तीत एकही नव्हता. वस्तुतः ती पाहणी काही मोठे शास्त्र नव्हे. केवळ दिसण्यापुरते जे नकली काडतूस वापरतात त्यात दारू नसते. बहुधा आत एक छर्रा असतो, कानाशी हलविले की खुळखुळतो, नाही तर कडेला भोक पाडलेले असते. सहा घरांची सहा काडतुसे सर्वांसमक्ष काढून वाजवून पाहावयास किती अवधी लागतो?

नकली काडतुसाचा धडा या धंद्याला नवा नाही. १९९३ साली ‘द क्रो’च्या चित्रीकरणात तरुण नट ब्रँडन ली याचा बळी गेला. तेथे खऱ्या काडतुसांतील दारू काढून ती नकली म्हणून वापरली होती. त्यांतील एकाची गोळी नळीतच अडकून राहिली. पुढे त्याच शस्त्रात नुसत्या दारूचे, ज्याला ‘ब्लँक’ म्हणतात ते काडतूस घातले गेले, आणि त्याच्या स्फोटाने अडकलेली गोळी बाहेर फेकली. नळीतून एकदा सळई फिरविली असती तर तो वाचता! १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम हा नट तर ब्लँकनेच गेला. गोळी नसली तरी कपाळाशी टेकलेल्या नळीतला स्फोट पुरेसा होतो.

‘रस्ट’च्या प्रकरणात आम्हास अधिक बोचते ते निराळेच. दुर्घटनेपूर्वी काही दिवस त्याच स्थळी शस्त्रे चुकून उडाली होती. कामाच्या अटींना कंटाळून छायाचित्रण विभागातील अनेक जण त्याच सकाळी काम सोडून गेले होते. शस्त्रांची जबाबदारी ज्या चोवीस वर्षांच्या मुलीवर टाकली, तिच्याकडेच इतर सामानाचेही काम दिले होते. हा काटकसरीचा हिशेब तिने मांडला नव्हता. तिची चूक आम्ही झाकीत नाही. खरी काडतुसे तेथे आलीच कशी, याचे उत्तर तिला द्यावेच लागणार होते, आणि २०२४ मध्ये तिला १८ महिन्यांची शिक्षा झाली. साहाय्यकास सहा महिन्यांची देखरेखीविना परिवीक्षा मिळाली. बाल्डविन हे नटही होते आणि निर्मात्यांपैकीही एक. पण निर्माता म्हणून असलेली त्यांची भूमिका फौजदारी खटल्यात आणू नये असे न्यायाधीशांनी ठरविले, आणि सरकारपक्षाने पुरावा दडविल्यामुळे जुलै २०२४ मध्ये तो खटलाच निकालात निघाला. न्यायालयाला पुढे आलेल्या कागदांपलीकडे जाता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वृत्तपत्राला विचारता येते: माणसे किती नेमावयाची, त्यांना वेळ किती द्यावयाचा, पूर्वसूचना मिळाल्यावर काम थांबवावयाचे की नाही, हे ठरविणाऱ्याचे काय? राज्याच्या कामगार-सुरक्षा खात्याने निर्मितीसंस्थेला १,३६,७९३ डॉलर दंड केला. तडजोडीअंती तो एक लाखावर आला.

आता संगणकावर नळीचा लखलखाट हवा तसा उमटविता येतो. मग दारू हवीच कशाला? ज्या निर्मात्यास ती हवीच असेल, त्याने स्वतः तालमीस उभे राहावे, काडतुसे आपल्या देखत मोजून घ्यावीत आणि त्या नोंदीखाली आपली सही करावी, असे बंधन कायद्याने घालावे अशी आमची मागणी आहे. ‘रस्ट’ पुढे मोंटाना राज्यात पुरा झाला आणि २०२५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शितही झाला.