हवा देणे आणि फुंकर घालणे

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या दोन जावांचे लग्नातल्या मानपानावरून बिनसले. थोरलीने आम्हाला फोन केला. ऐकता ऐकता आम्ही बोलून गेलो, "हो ना, तुमच्या बाबतीत नेहमी असंच होतं." संध्याकाळपर्यंत दोघींचे बोलणे बंद! आमचा मुलगा म्हणाला, "अम्मी, तुम्हीच तर हवा दिलीत."

शब्द मनाला लागला. 'हवा' हा मूळचा अरबी शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच झाला. सायकलच्या चाकात हवा भरतात, ती हवीच. जास्त झाली तर ट्यूब फुटते. माणसाची खोटी तारीफ केली की त्याच्या डोक्यात हवा जाते. भांडणाला मात्र हवा 'देतात', कारण तिथे आग आधीच असते.

आमच्या दादी चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकत, की विस्तव पेटे. आम्ही पडलो, गुडघा खरचटला की त्याच दादी जखमेवर फुंकर घालत. तोंड तेच, श्वास तोच. एकाने जाळ वाढे, दुसऱ्याने आग शमे. मराठीने म्हणूनच 'फुंकणे' आणि 'फुंकर घालणे' वेगळे ठेवले. कुणाचे कान आपण फुंकतो, दुःखावर मात्र फुंकर घालतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चांगल्या सोबत्याला कस्तुरीवाल्याची आणि वाईट सोबत्याला भाता फुंकणाऱ्याची उपमा दिली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. भात्याजवळ बसणाऱ्याचे कपडे तरी जळतात, नाहीतर दुर्गंध तरी वाट्याला येतो. आजवर आम्ही ती वाचताना स्वतःला भात्याजवळ बसणारे समजत होतो. त्या दिवशी भाता आमच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही थोरलीला फोन केला. "काल आमचं चुकलं. धाकटीच्या मनात तसं काही नसेल, एकदा तिलाच विचारून पाहा," एवढेच सांगितले. ती गप्प राहिली. चार दिवसांनी कळले, दोघी मिळून बाजारात गेल्या होत्या.

भगिनींनो, घरात हवा खेळती असावी, म्हणजे मनात काही कोंडून राहत नाही. पण कुणी रागाने तापून आपल्याकडे आले, तर तोंड उघडण्याआधी इतकेच पाहावे: आपण फुंकणी उचलतो आहोत की फुंकर घालतो आहोत?