डिकीवरचा पंख

गेले पंधरा दिवस आमच्या गॅलरीत गाडीच्या शेपटीचं ऑपरेशन चालू होतं. आमच्या जुन्या गाडीच्या डिकीवर स्पॉयलर आहे. उन्हाने त्याचे पोपडे निघाले होते. गॅरेजवाला म्हणाला, "नवाच टाका काका." (दुरुस्त म्हणून काही करायचं नाही, हे हल्लीचं शास्त्र!) नातवाने ठरवलं, घरीच करायचं. मी सत्तरी ओलांडलेला मराठीचा मास्तर, माझ्याकडे घासायचं काम आलं.

खरं सांगतो, मजा आली. आधी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, मग ८००, तेही पाण्यात भिजवून. डोळ्याला न दिसणारा खड्डा बोटाला बरोबर कळतो. कोपऱ्याचा टवका उडाला होता, तिथे लांबी भरली, वाळल्यावर पुन्हा घासली. प्लास्टिकवर रंग नीट धरावा म्हणून वेगळा प्रायमर लागतो, हे या वयात शिकलो. रंगाचे हात पातळ द्यायचे. घाई केली की ओघळ, आणि ओघळ आला की पुन्हा घासा! मुलांना एकेक शब्द दहादा लिहायला लावायचो, त्याची फेड झाली म्हणायची.

तेव्हा अशी कामं घरी जरूर करावीत, या मताचा मी आहे. पण आमचे दोन वाद झाले.

पहिला उंचीचा. पठ्ठ्याला पंख चार इंच वर उचलायचा होता. १९७३ च्या पोर्शे ९११ कारेरा आरएस गाडीची बदकासारखी शेपटी मला दाखवून झाली. वेगात मागची बाजू उचलली जाऊ नये म्हणून ती होती, हे खरं. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि आमची गाडी शहरात चाळिशी क्वचित ओलांडते! मी चार इंच उंचीवर पुठ्ठा चिकटवला, त्याला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्कूटर घेऊन मागे उभा राहिलो. "आजोबा, स्कूटरचा दिवाच दिसत नाही." मला मागून काचेतला ब्रेकलाइट अर्धा झाकलेला दिसत होता. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल चालणार नाहीत, असं २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलंय. पण कायद्यापेक्षा पुठ्ठ्याचं त्याला लवकर पटलं.

दुसरा वाद शेवटच्या चकाकीचा. हार्डनर घातलेला क्लिअर कोट त्याला गॅलरीतच फवारायचा होता. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा अंगाला त्याचं वावडं झालं की पुढे थोडंसंही सोसत नाही. रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला पुरत नाही. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. "गॅलरी उघडीच आहे की!" म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी हटलो नाही. नळीतून बाहेरची शुद्ध हवा घेणारा मुखवटा लावून काम करणारा एक पेंटर शोधला, तेवढं काम त्याला दिलं. पैसे माझ्या पेन्शनीतून गेले, चालायचंच.

काल स्पॉयलर बसला, जुन्याच उंचीवर. जवळून पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात लांबीची कड जरा दिसते. ती मी घासलेली. मित्र गाडी बघायला आले, की नातू बरोबर त्या कोपऱ्याला टेकून उभा राहतो.