थेंब म्हणजे ०.०५ मिलिलिटर नव्हे!

१/ ‘एक थेंब = ०.०५ मिलिलिटर’ हे समीकरण प्राचीन ग्रंथांवर सर्रास लादले जाते. हा इतिहास नव्हे, कालविपर्यास होय.

२/ थेंबाचे आकारमान द्रवावर आणि तो ज्या टोकावरून गळतो त्यावर ठरते. एकाच नळीतून मद्यार्काचा थेंब पाण्याच्या थेंबाहून बराच लहान पडतो.

३/ म्हणूनच १८०९ च्या लंडन औषधसंहितेने थेंबाऐवजी ‘मिनिम’ हे माप स्वीकारले: द्रव-ड्रामचा ६० वा भाग.

४/ ०.०५ चा उगम १९०२ च्या ब्रुसेल्स परिषदेत सापडतो. तिथे प्रमाण ठरले: नळीचा बाह्य व्यास ३ मिमी, १५° सेल्सिअसचे ऊर्ध्वपातित पाणी, २० थेंबांचे वजन १ ग्रॅम.

५/ अष्टांगहृदयातील नस्याचा बिंदू निराळा. तर्जनीची दोन पेरे द्रवात बुडवून वर काढल्यावर गळतो तो वाग्भटाचा बिंदू. तिथे काचनळी नाही, नस्याचा स्नेह म्हणजे पाणीही नव्हे. तरीही त्याच्या १० बिंदूंची उत्तम मात्रा ‘अर्धा मिलिलिटर’ म्हणून सांगितली जाते!

६/ ही चूक निव्वळ आकड्याची नाही. तिने औषधाची मात्राच बदलते. द्रव आणि टोक ठाऊक नसेल, तर रूपांतर करूच नये.