सरासरी पाऊस कुणाच्या शेतात पडतो?

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळाने पेण-रोह्याकडची छपरे उडवली. पण इशारा आधी होता, पुष्कळ माणसे वाचली. आमच्या कपाशी-ज्वारीला पावसाच्या खंडाचा इशारा कोण देतो? पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ (1944–2025) बंगळूरच्या विज्ञान संस्थेत मोसमी पावसाचा लहरीपणा अभ्यासत. त्यांनी अनंतपूरच्या कोरडवाहू भुईमूगवाल्यांसोबत, जुन्या नोंदी धरून, पेरणी कधी केली तर जोखीम कमी हे शोधले. प्रश्न शेतकऱ्याचा, उत्तर विज्ञानाचे! सरकारने 2002 साली देशाची सरासरी सांगितली 101 टक्के, पडला 81. दुबार पेरणीचे बियाणे कुणाच्या खिशातून? जिल्हावार हवामान-सल्ल्याची 199 केंद्रे 2024 मध्ये बंद केली. का? याचा जाब या सभेत मागायचा आहे.