गुण्याविना कपाट
अहिल्यानगर जिल्ह्यातील गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता आणि नांगर-पाभर दुरुस्त करून वर्षाकाठी धान्यरूपाने बलुते घेणाऱ्या या कारागिराकडे वाकस, पटाशी, रंधा अशी हत्यारे असत. नगर शहरात तर सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेतून सुतारकामाचे रीतसर शिक्षणही दिले गेले. आजचे खोक्यातून सुटे येणारे कपाट मात्र हे सारे कौशल्य कारखान्यातच खर्ची घालून येते, त्यामुळे ग्राहकाच्या हाती अॅलन की, म्हणजे काटकोनात वाकवलेली षटकोनी सळई, आणि एखादा स्क्रूड्रायव्हर एवढेच उरते. यातील मुख्य सांधा कॅम लॉकचा असतो: एका फळीत बसवलेल्या दांडीचे डोके दुसऱ्या फळीतील चकतीत शिरते आणि चकती सुमारे अर्धा फेरा फिरवली की तिची केंद्राबाहेरची खाच ते डोके ओढून धरते. फळी बहुधा पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेली, असल्याने स्क्रू जादा आवळताच मळसूत्राची पकड सुटते आणि ती सहसा परत येत नाही. विजेचे ड्रिल नसणे ही येथे उणीव नव्हे, सोयच म्हणावी लागेल. काटकोन तपासणारा गुण्या घरात नसला, तरी चौकटीचे दोन्ही कर्ण सुतळीने मोजावेत आणि ते समान भरले तरच पाठीची पातळ फळी ठोकावी, कारण ती ठोकल्यावर चौकटीचा तिरकेपणा कायम होतो.